खाडीच्या वाटेने

धर्म एका देशातून दुसऱ्या देशात कसा पोहोचतो, या प्रश्नाची दोन उत्तरे बहुतेकांच्या जिभेवर तयार असतात. एक उपदेशाने आणि दुसरे तलवारीने. तिसरे उत्तर सहसा कोणी देत नाही. इतिहासाची पाने चाळू लागले की मात्र तेच पुष्कळदा समोर येते. धर्म व्यापाऱ्याच्या पाठोपाठ जातो. जिथे मीठ, कापड, सोने आणि मणी जातात, तिथे काही काळाने प्रार्थनेच्या जागा उभ्या राहतात.

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात मी इयत्ता पाचवी ते दहावी राहिलो. पुढे कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संस्थेचे पत्र आले तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असा विचार प्रथम मनात आला. परंतु तशा आठवणी या अंकात इतरही माजी विद्यार्थी लिहितील, आणि माझ्याहून सरस लिहितील. म्हणून ज्या एका प्रश्नाने निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडलेला नाही, तोच येथे मांडतो. मध्ययुगीन आफ्रिकेतील व्यापारी राज्यांविषयी मी एकदा वर्गात सांगत होतो. वाळवंट ओलांडून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी तिकडे इस्लाम नेला, हे ऐकून नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, म्हणजे मालाबरोबर त्यांनी धर्मही विकला का? आणि घेणाऱ्यांनी तो नफ्यासाठीच घेतला असेल ना?" प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर शोधताना मला आफ्रिकेहून फिरून आपल्याच कल्याणच्या खाडीवर यावे लागले.

प्रथम आफ्रिकेकडे पाहू. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस सोने होते, पण मिठाची वाण होती; मिठाच्या खाणी होत्या वाळवंटाच्या पोटात. उंटांचे तांडे ही दोन टोके जोडीत. या देवघेवीवर आधी घाना, मग माली आणि त्यानंतर सोंघाई अशी राज्ये एकामागून एक उभी राहिली. त्यातले जुने घाना हे आजच्या घाना देशाहून वेगळे. ते आजच्या मॉरिटानिया आणि माली या देशांच्या सीमेवर होते. अंदलुसमधील अल-बक्री या भूगोलकाराने १०६८ साली, प्रवाशांकडून मिळालेल्या माहितीवरून, त्या राज्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. घानाची राजधानी म्हणजे दोन गावे होती. एका गावात मुसलमान व्यापारी राहत, तेथे बारा मशिदी होत्या. सहा मैलांवरच्या दुसऱ्या गावात राजा राही, आणि राजा आपल्या पूर्वजांचाच धर्म पाळी. तरीही त्याचा खजिनदार, दुभाषे आणि बहुतेक मंत्री मुसलमान होते. राज्यात येणाऱ्या मिठाच्या प्रत्येक गाढवामागे एक सोन्याचा दिनार आणि बाहेर जाणाऱ्या गाढवामागे दोन दिनार असा कर राजा घेई.

या वर्णनात मला सर्वांत बोलके वाटते ते त्या दोन गावांमधले अंतर. नवा धर्म आला, पण तो आधी आपल्या गावात राहिला. राजाने त्याला जागा दिली आणि त्याची माणसे कामाला घेतली. का घेतली? परक्या मुलुखात व्यापाऱ्याला तीन गोष्टी लागतात : उतरायला जागा, तंटा तोडायला पंच, आणि दिलेली उधारी बुडणार नाही याची हमी. इस्लाम स्वीकारलेल्या व्यापाऱ्यांजवळ या तिन्ही गोष्टी होत्या. लिहिता येणारी लिपी होती, करार आणि वारसा यांचे नियम होते, आणि दूरच्या शहरातही तेच नियम मानणारा काझी होता. मालीत जाऊन आलेल्या इब्न बतूताने १३५२-५३ च्या प्रवासात एक गोष्ट कौतुकाने नोंदविली आहे. परका व्यापारी तेथे मरण पावला, तर त्याच्या मालाला कोणी हात लावीत नसे. खरा वारस येईपर्यंत तो एखाद्या विश्वासू माणसाच्या हवाली केला जाई. असा विश्वास ज्या वाटेवर नांदतो, त्या वाटेवर माणसे पुन्हा येतात, आणि काही तेथेच घर करतात.

पुढे मालीच्या राजांनीच तो धर्म घेतला. १३२४ साली मन्सा मुसा हज यात्रेस निघाला आणि कैरोत त्याने इतके सोने वाटले की तेथील सोन्याचा भाव उतरला. कित्येक वर्षांनंतरही लोक ते बोलत होते. दरबारात आणि बाजारात नवा धर्म रुजला, तरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जुन्या देवतांना धरून राहिले. म्हणजे तलवारीने एका रात्रीत घडलेला हा बदल नव्हता. शेकडो वर्षांच्या ओळखीतून तो घडला.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही हेच घडले. फक्त तिथे उंटाऐवजी गलबत होते. मोगादिशू, मोंबासा, किल्वा ही बंदरे मोसमी वाऱ्यावर जगत. एका मोसमात वारा अरबस्तान आणि हिंदुस्थानकडून जहाजे घेऊन जाई आणि दुसऱ्या मोसमात परत आणी. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्यांना महिनोन्‌महिने तेथे राहावे लागे. त्या मुक्कामातून सोयरिकी झाल्या, मशिदी झाल्या आणि स्वाहिली नावाची एक भाषा समृद्ध झाली. त्या भाषेत हिशोबाला 'हेसाबु' म्हणतात, दलालाला 'दलाली', बंदराला 'बंदरी', दुकानाला 'दुका', साबणाला 'साबुनी' आणि लेखणीला 'कलामु'. मराठी माणसाला यांतला एकही शब्द परका वाटणार नाही. दोन किनाऱ्यांनी एकाच समुद्राच्या बाजारात हे शब्द उचलले. मालदीव बेटांवरच्या कवड्या मालीच्या बाजारात नाणे म्हणून चालत. आपण 'कवडीमोल' म्हणून ज्या वस्तूला हिणवितो, तिच्यावर अर्ध्या जगाचा बाजार चालला होता.

हाच मोसमी वारा आपल्या कोकणच्या किनाऱ्यालाही लागतो. उल्हास नदीच्या खाडीवरचे कल्याण आज लोकलच्या गर्दीने आणि पत्रीपुलाने ओळखले जाते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ते 'कल्लिएना' या नावाने येते, आणि त्याआधी त्यात सोपाऱ्याचे 'सुप्पारा' म्हणून नाव येते. कल्लिएना हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलल्यावर तेथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे तो अज्ञात लेखक सांगतो. कल्याणहून माल मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला आणि तेथून पैठणला जाई. आमचे मूळ गाव मुरबाड तालुक्यात, त्याच घाटाच्या पायथ्याच्या बाजूला. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे गावातले म्हातारे सांगत. माझे आजोबा भाताची पोती पाठीवर घेऊन ती वाट चढलेले. परंतु ही वाट जगाच्या व्यापाराची होती, हे त्यांच्या कानांवर कधी आले नव्हते.

त्या वाटेच्या कडेला धर्माच्या खुणा आहेत, आणि त्या बौद्ध धर्माच्या आहेत. भगवान बुद्धांचे पहिले दोन उपासक तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारीच होते, आणि तेही प्रवासात असलेले. संघ पुढे ज्या मार्गांनी गेला ते मार्ग बहुतांशी तांड्यांचे होते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे आणि गावे कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचे नाव वारंवार भेटते. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने तेथे पाण्याचे टाके खोदविले. सोपाऱ्याच्या नागपालित या मणिकाराचेही दान तेथे आहे. कल्याण गावात अंबालिका नावाचा विहार होता, ही माहितीही कान्हेरीच्या एका लेखातूनच मिळते. त्या विहाराची वीटही आज कल्याणात कोठे दाखविता येत नाही. कान्हेरीचे मोठे चैत्यगृह उभारणारे गजसेन आणि गजमित्र हे दोघे भाऊही व्यापारी होते.

सोनार, मणिकार, व्यापारी या लोकांना हा धर्म जवळचा का वाटला असेल? बौधायनाच्या धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातकांत गणला होता. ज्याचे पोट समुद्रावर, त्याला असा नियम अडचणीचाच. उलट विहारात परक्याला, जातीची चौकशी न करता, पाणी मिळे आणि निवारा मिळे. शिवाय विहार हा विश्वासाचे ठिकाण होता. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखाचा हिशोब मी दरवर्षी मुलांना फळ्यावर मांडून दाखवीत असे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले. म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी ती व्यवस्था होती. आणखी १००० कार्षापण दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेविले होते. मूळ रक्कम कधीच परत घ्यायची नाही. धर्म, विणकर आणि व्याज यांचा हा मेळ विद्यार्थ्यांना आधी विचित्र वाटे. मग ते आनंदाने आकडेमोड करीत.

याच उषवदाताच्या आणखी एका दानाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर त्याने लोकांना उतरून जाण्यासाठी विनामूल्य नावा ठेवल्या. दाहानुका म्हणजे आपल्या डहाणूजवळची नदी. उषवदात हा शक घराण्यातला, नहपान राजाचा जावई. म्हणजे त्या काळच्या दृष्टीने परकाच. आता सुमारे आठशे वर्षे पुढे येऊ. डहाणूजवळच्या चिंचणी गावी एक ताम्रपट मिळाला आहे. तो शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्यात संजाण प्रांताच्या अधिकाऱ्याचे नाव येते मधुमती, म्हणजे मोहम्मद. तो ताजिक, म्हणजे अरब होता. या अरब मुसलमान अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य नावेची सोय केली आणि संजाणमध्ये एक अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आपल्या मंत्र्याच्या विनंतीवरून त्याने एका हिंदू मठाला जमीनही दिली.

त्याच किनारपट्टीवर, आठशे वर्षांच्या अंतराने, दोन वेगवेगळ्या धर्मांतल्या परक्या अधिकाऱ्यांना एकच पुण्यकर्म सुचावे, यात मला त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिसते. नदीच्या काठी अडकलेल्या माणसाला पलीकडे न्यायचे आणि त्याच्याकडून काही घ्यायचे नाही. व्यापारी वाटेने धर्म आला खरा, पण लोकांच्या मनात तो उतरला तो असल्या न विकलेल्या गोष्टींमुळे. टाक्यातले पाणी, अन्नछत्रातला भात, नावेतली जागा यांची किंमत लावलेली नव्हती.

याच किनाऱ्यावर इतरही धर्म असेच येऊन राहिले. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या ख्रिस्ती प्रवाशाने कल्याणमध्ये इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. कान्हेरीच्या एका लेण्यात १००९ आणि १०२१ या वर्षी येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. बुद्धमूर्ती पाहायला ते आले, आणि कोणी त्यांना अडविले नाही. अल-मसूदी हा अरब प्रवासी ९१६ च्या सुमारास चौलला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, आणि त्यांचे तंटे सोडविण्यासाठी राजाने त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमला आहे, असे तो सांगतो. राज्य अर्थातच शिलाहारांचे होते. हाच मसूदी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कंबलू बेटावरही गेलेला होता. घानाच्या राजाने व्यापाऱ्यांसाठी दुसरे गाव वसू दिले आणि शिलाहार राजाने त्यांच्यातलाच पंच त्यांना दिला. दोघांची रीत एकच.

सगळे गोडच होते असे मात्र नाही. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. काझीसमोर धर्मावरून झालेला वाद त्याला निमित्त झाला. व्यापार माणसांना शेजारी आणून ठेवतो. शेजारधर्म कसा पाळायचा, हे त्यांचे त्यांना ठरवावे लागते.

शेजारधर्माचा एक अनुभव माझ्या घरातलाही आहे. माझे वडील कल्याणहून भिवंडीला जात आणि यंत्रमागाच्या एका कारखानदाराकडे कापडाचे तागे उचलण्याचे काम करीत. शनिवारी आठवड्याचा हिशोब होई. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल पेटली, ती ठाण्या-कल्याणपर्यंत आली. मी तेव्हा सुट्टीसाठी वसतिगृहातून घरी आलो होतो. कित्येक दिवस वडील घराबाहेर पडले नाहीत. घरातले धान्य संपत आले होते, आणि दोन आठवड्यांची मजुरी पलीकडे अडकली होती. रस्ते मोकळे झाल्यावर आईने नको म्हणत असतानाही ते गेले. त्या शेठचे चार माग जळाले होते. तरी त्यांनी वही काढली, वडिलांच्या नावापुढची रक्कम वाचली आणि म्हणाले, "भाऊ, मागं जळलं तरी वही शाबूत आहे. आधी तुझे पैसे घे." वडील म्हणाले, "शेठ, राहू द्या, तुमचंच एवढं नुकसान झालंय." शेठ म्हणाले, "नुकसान माझं. मजुरी तुझी." वडिलांनी ते पैसे घेतले आणि पुढचे आठ दिवस राख आणि पत्रे उपसण्याचे काम केले. त्याची मजुरी त्यांनी मागितली नाही. दोघांनी एकमेकांशी धर्मावर कधी चर्चा केली नव्हती. वडील मात्र आयुष्यभर सांगत, की त्या माणसाचा नमाज खरा.

आता त्या उत्तराच्या उरलेल्या अर्ध्याकडे वळतो. ते इतके सुखाचे नाही. ज्या वाटांनी मीठ आणि सोने गेले, त्याच वाटांनी माणसेही विकायला नेली गेली. वाळवंटातल्या तगाझा या मिठाच्या गावी घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची होती, असे इब्न बतूता लिहितो. आणि तेथे राहून मीठ खणणारे सगळे गुलाम होते, हेही लिहितो. पूर्व आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी दक्षिण इराकमध्ये ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षे बंड करून खलिफांचे राज्य हादरवून सोडले. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातील मलिक अंबर हाही याच बाजारातून आला. हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८ च्या सुमारास तो जन्मला. लहानपणीच विकला गेला, बगदादेत त्याचा धर्म बदलला, आणि दख्खनमध्ये निजामशाहीच्या चंगीझखान या पेशव्याने त्याला विकत घेतले. पुढे तोच निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याने खडकी शहर वसविले, पाण्याचे नहर बांधले, जमीनमहसुलाची नवी घडी बसविली. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या कर्तृत्वाचे पोवाडे गाताना आपण एक गोष्ट विसरतो. एका मुलाला त्याच्या आईपासून तोडून त्याच्यावर किंमत लावण्यात आली होती. अशी किंमत लागलेले आणि कोणाच्या स्मरणात न उरलेले किती असतील?

अंबरचाच समकालीन, तिंबक्तूचा विद्वान अहमद बाबा. त्याच्या घरी सोळाशे ग्रंथ होते, असे तो स्वतः सांगतो. १६१५ च्या सुमारास त्याने गुलामगिरीवर एक पुस्तक लिहिले. माणूस काळा आहे म्हणून तो गुलाम ठरत नाही, आणि मुसलमानाला गुलाम करता येत नाही, असे त्याने ठासून सांगितले. परंतु जो मुसलमान नाही त्याचे काय, या ठिकाणी त्याचा युक्तिवाद थांबला. आपल्या परंपरेकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. दासाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयात आहे. धन्याच्या हक्कापुढे संघालाही त्या काळी थांबावे लागले. मात्र अंगुत्तर निकायात बुद्धांनी उपासकासाठी वर्ज्य अशा पाच व्यापारांची यादी सांगितली आहे : शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातला दुसरा व्यापार माणसांच्या विक्रीलाही लागू होतो. अशोकाच्या नवव्या शिलालेखात खरे मंगल कशात आहे हे सांगताना दास आणि सेवकांशी नीट वागण्याचा उल्लेख आधी येतो. त्या नवव्या लेखाचा एक तुकडा सोपाऱ्याजवळच्या भुईगाव येथे १९५६ साली सापडला. ज्या वर्षी नागपूरला दीक्षा झाली, त्याच वर्षी, त्याच धम्माचे एक जुने वाक्य आपल्या किनाऱ्यावर मातीतून वर आले.

कोणता धर्म कोणत्या मालाबरोबर आला, हे इतिहासकार शोधून काढतील. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या धर्माने आपल्या माणसांना काय विकण्यास मनाई केली, आणि ती मनाई बाजारात किती पाळली गेली.

आणखी एक विचार मांडून हा लेख संपवितो. सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप उकरला, तेव्हा त्यातून एकात एक ठेवलेले अस्थिकरंडक, सोन्याची फुले आणि बुद्धांच्या आठ मूर्ती निघाल्या. ते सारे जमिनीखाली होते, आणि वर राहणाऱ्यांना त्याची दाद नव्हती. कल्याणचा अंबालिका विहार तर नावापुरता उरला. असे का झाले? कारणे अनेक आहेत. त्यांतले एक असे, की आपल्याकडचे विहार दानावर उभे होते आणि दान व्यापारावर. व्यापाराच्या वाटा बदलल्या, दाते दुसरीकडे गेले, आणि घाटवाटेवरच्या गावांत तो धर्म जपणारे कोणी राहिले नाही. पश्चिम आफ्रिकेत मात्र वांगारा व्यापाऱ्यांच्या सोबतीने शिक्षक गेले. ते गावोगाव राहिले, लाकडी पाटीवर मुलांना अक्षरे गिरवायला शिकवीत राहिले. सोन्याचा व्यापार अटला, माली गेली, सोंघाई १५९१ च्या मोरोक्कोच्या स्वारीत कोसळली, अहमद बाबालाही कैद करून नेले. तरी त्या पाट्या पुसल्या गेल्या नाहीत.

व्यापार धर्माला बंदरापर्यंत आणून सोडतो. तेथून पुढे घाटापलीकडच्या गावापर्यंत त्याला शिक्षकच नेतो. आमच्या घरात धम्म आला तो १९५६ नंतर. माझ्या आजोबांच्या हाती त्यावेळी विकण्याजोगे काही नव्हते आणि त्या दीक्षेतून कोणताही नफा मिळणार नव्हता. उलट गावातली बलुत्याची कामे आणि त्यांचा मोबदला दोन्ही सुटले. तरी त्यांनी ती घेतली, आणि पहिले काम केले ते मुलाला शाळेत घालण्याचे. वडिलांचे शिक्षण चौथीवर थांबले. मी पाचवीत या वसतिगृहात आलो. हा प्रवास नाणेघाटाच्या प्रवासाहून लांबचा आहे, असे मला आज वाटते.

आजी विद्यार्थ्यांना मी एवढेच सुचवीन, की सहलीसाठी लांब जाण्याची गरज नाही. सोपारा, कान्हेरी, नाणेघाट, डहाणू-संजाणचा किनारा ही सारी आपल्या हाताशी आहेत. तेथे गेलात, तर लेखांतली दात्यांची नावे वाचा, आणि त्यांनी काय दिले ते वहीत उतरून घ्या : टाके, वाट, नाव, भात. विद्यालयातही रोज सकाळी पाण्याची टाकी कोणीतरी भरून ठेवतो आणि जेवणाच्या पंगतीत कोणीतरी वाढतो. त्यांचीही नावे त्याच वहीत लिहा.